चंद्र आला की मी पुढे व्हायचे

आप्पा,

तुमच्या तेराव्याला जे जे आले, ते सगळे तुमच्या ऑर्गनबद्दल बोलले. कल्याणच्या नाट्यमंडळातले तिघे आले होते. शंकरराव तबलजी काठी टेकत तीन जिने चढून आले आणि धाप लागलेली असतानाच म्हणाले, "असा निष्ठेचा माणूस होणे नाही. रंगभूमी सोडून दुसऱ्या कशाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही हो यांनी." मी पानं वाढत होते. तुमची नात फिसकन हसणार, एवढ्यात मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. सिनेमाचं मी कुणालाही सांगितलं नाही. गेली पाच वर्षं दर शनिवारी तुम्ही आणि मी काय करत होतो, ते घरच्यांखेरीज फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना ठाऊक. त्या बिचाऱ्या मान खाली घालून भात कालवत होत्या.

तुमची अब्रू राखली, आप्पा. पण मला ते फारसं बरं वाटलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आपलं पहिलं भांडणसुद्धा सिनेमावरूनच झालं होतं. लग्नाला तीन महिने झाले असतील. मी आंबिवलीची, कंपनीच्या वसाहतीत वाढलेली, आणि डोंबिवलीच्या तुमच्या दोन खोल्यांत अजून भांडंही दबकत ठेवणारी. जेवताना तुम्ही सुधीरला 'संगीत वल्लरी'च्या जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगत होतात. नवरा लढाईवर गेलेली ती वल्लरी, तिचं ते 'पाऊल परतेना नाथा', आणि त्या पदाला मिळालेले तीन वन्समोर. आमटी वाढता वाढता मी बोलून गेले, "मी पाहिलीय वल्लरी. छान आहे."

काय खूश झालात तुम्ही! "कुठे पाहिलीत, सूनबाई?"

"आमच्या कॉलनीत गणपतीत दाखवलेला. सिनेमा."

तुमचा घास हातातच राहिला. "त्याला वल्लरी म्हणत नाहीत," तुम्ही म्हणालात. "नाटकात बेचाळीस पदं आहेत. सिनेमावाल्यांनी सात ठेवली. पस्तीस पदं गिळली आणि वर ढेकर दिला."

"पण ती सात मला पाठ आहेत," मी म्हटलं.

सुधीरने डोळ्यांनी खूण केली, गप्प बस. माईंनी तोंडाला पदर लावून गॅसकडे तोंड फिरवलं. त्या हसत होत्या की घाबरल्या होत्या, हे मी त्यांना पुढे कधी विचारलंच नाही. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी पेपराची घडी घालून म्हणालात, "पाठ आहेत म्हणालात ना? म्हणा." मी शाळेत कविता म्हणतात तशी सातही पदं उभ्याने म्हणून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलीत. "चाल वाटेत सांडलीत," तुम्ही म्हणालात, "पण शब्द शाबूत आहेत." त्या दिवसापासून मी सूनबाईची वंदना झाले.

वाद मात्र मिटला नाही. तुमचं म्हणणं, नाटकातलं पद दर प्रयोगाला नव्याने जन्माला येतं. बाईचा घसा, समोरचे लोक, त्या दिवशीची हवा, सगळं त्यात उतरतं. सिनेमातलं पद म्हणजे बरणीतलं लोणचं, जेव्हा काढाल तेव्हा तेच. मी म्हणायचे, लोणच्यावरच दिवस काढलेल्या माणसांचं काय? आमच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा कपडा बांधायचे. आम्हा मुलींची जागा पडद्याच्या मागच्या बाजूला, कारण पुढची बाजू मोठ्यांची. त्यामुळे माझी वल्लरी कितीतरी वर्षं पदर उजव्या खांद्यावर घेत होती. मला तीच खरी वाटायची. आंबिवलीला तुमचं बेचाळीस पदांचं नाटक कोण आणणार होतं? आणलं असतं, तरी आमच्या आईला चार तास कोण सोडणार होतं?

यावर तुम्ही मान हलवायचात, म्हणजे मुद्दा ऐकला, मान्य नाही.

तुमच्यापाशी ज्याला उत्तर नव्हतं तो मुद्दा माझा नव्हे, माईंचा होता. एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर वल्लरीच लागला. आपला टीव्ही अजून काळा-पांढराच होता. तुम्ही निषेध म्हणून पाठ करून बसला होतात, पण उठून गेला नव्हतात. माई मेथी निवडत होत्या. पहिलं पद सुरू झालं आणि त्यांचा हात थांबला, तो सिनेमा संपेपर्यंत थांबलेलाच. शेवटी त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे असं होतं होय. तीस वर्षं दर रविवारी इस्त्रीचं धोतर नेसून तुम्ही जायचात, ते ह्याच्यासाठी."

"ह्याच्यासाठी नव्हे," तुम्ही वळून म्हणालात. "हे खोटं आहे."

"मग खरं कुठे दाखवलंत मला?"

तुम्ही उठून गॅलरीत गेलात. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणालात, "पुढच्या प्रयोगाला नेतो तुला." माईंनी मेथीची जुडी उचलली आणि म्हणाल्या, "न्या." एवढंच.

पुढचा प्रयोग लागायला चार वर्षं गेली. मंडळातली माणसं पांगली होती, नवी मुलं मिळत नव्हती. मधल्या काळात माई गेल्या. त्यांना नेलं नाहीत याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत, पण प्रयोग ठरल्याचं पत्र आलं तेव्हा ते माझ्या हातात देऊन म्हणालात, "तू चल."

आता जे लिहिते आहे, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमचे कान गेले होते, आप्पा. एकदम नाही गेले. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी. आम्ही तोंडातल्या तोंडात बोलतो म्हणून तुम्ही आमच्यावर चिडायचात. सुधीर दिवसभर ठाण्याला ऑफिसात, त्याच्या ते फारसं लक्षात आलं नाही. मी दिवसभर घरात होते. मला माहीत होतं. तुम्ही ऑर्गनवर रियाजाला बसलात की मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि बोटं अजून बिनचूक आहेत असं स्वतःला समजवायचे. तालमींना शंकरराव तुमच्या गुडघ्याला हात लावून खुणा करायचे, त्यावर निभावून गेलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी सुधीरशी बोलू शकले असते. बोलले नाही. कारण सांगते. मला नाटक बघायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, पडद्याच्या पुढच्या बाजूने. तुम्ही बसला नसतात तर मला कोण नेणार होतं?

दुपारचा प्रयोग होता. तुम्ही रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, लोकांकडे पाठ करून बसलेले. काळी टोपी, ताठ मान. मी चौथ्या रांगेत. पडदा वर गेला आणि तुम्ही पहिला सूर धरलात, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत, त्या घटकेला मी वाद हरले होते. 'पाऊल परतेना' त्या बाईंनी असं म्हटलं की मागून, बाल्कनीतून, सगळीकडून वन्समोर उठला. टाळ्या थांबेनात. बाईंनी हात जोडले आणि पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

तुम्ही पुढचं पद सुरू केलं होतंत.

वेगळी पट्टी, वेगळा ताल. बाई गोंधळून थांबल्या. तुम्ही एकटे वाजवत राहिलात, आठ मात्रा, सोळा मात्रा. लोक आधी कुजबुजले, मग कुणीतरी हसलं. शंकररावांनी तबल्यावरचा हात काढून तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही वर पाहिलंत. बाई तुमच्याकडे बघत उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, आप्पा, मला चौथ्या रांगेतून त्यांचा चेहरा दिसत होता. त्या नुसत्या थांबल्या होत्या, तुम्ही याल म्हणून. तुम्ही ऑर्गनचं झाकण लावलंत आणि बाजूच्या दाराने बाहेर पडलात.

आपण कल्याणहून रिक्षाने डोंबिवलीला निघालो. पत्री पूल ओलांडल्यावर विचारलंत, "काय झालं?"

मी म्हटलं, "बाईच चुकल्या. त्यांनी मधेच पुन्हा सुरू केलं."

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. "पुन्हा सांग. सावकाश."

मी तेच खोटं पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

त्यानंतर सहा महिने घरात संगीत नव्हतं. ऑर्गन तुम्ही मंडळाला देऊन टाकलात. रेडिओच्या जागी फुलदाणी आली. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र तुम्ही दोन दिवस लावलंत आणि "यात सूर नाही, नुसती खरखर आहे," म्हणून डबीत ठेवलंत. तुम्ही पेपर वाचायचात, खाली चक्कर मारायचात, जेवायचात. त्या बाईंना अधूनमधून शिव्या द्यायचात, तेवढाच काय तो उत्साह.

मग तो शनिवार. मी टीव्ही लावला होता, आवाज अगदी बारीक करून, कारण तुम्ही समोर असताना गाणं लावायची मला लाज वाटायची. वल्लरी नव्हता, दुसऱ्याच एका जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा होता. पडद्यावर नायिकेचा चेहरा आला, पडदाभर. तुम्ही पेपर खाली केलात. मी कणीक मळता मळता बघितलं तर तुमची बोटं पेपरावर चालत होती.

"नाटकात पट्टी काळी चार," तुम्ही म्हणालात. "आणि बाई गात नाहीये. गळ्याची शीर हलत नाही. कुणाच्या तरी उसन्या आवाजावर ओठ हलवतेय लबाड." मग हळूच म्हणालात, "वंदना, या पदाला मी शंभरदा तरी साथ केली असेल. खड्ड्यातून काय दिसतं? पाय आणि हनुवटी. या ओळीला तिचं तोंड असं होतं, हे मला माहीतच नव्हतं."

मी कणकेचे हात तसेच ठेवून उभी राहिले. तुम्हाला पद पाठ होतं आणि ओठ दिसत होते. तेवढ्यावर तुम्ही आतल्या आत ते अख्खं ऐकत होतात. माझ्या आवडत्या सिनेमाने तुम्हाला असं काही दिलं होतं, जे मला कधी सुचलंच नसतं.

आणि नेमका अंतऱ्याला दिग्दर्शकाने चंद्र दाखवला. चंद्र, मग तळं, मग तळ्यातली कमळं. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात. "चंद्र कशाला दाखवतोय गाढव! तिचं तोंड दाखव!"

तेव्हा मी पुढे झाले. टीव्हीच्या शेजारी उभी राहून, तुमच्याकडे तोंड करून, पडद्यावरच्या आवाजाबरोबर ती ओळ म्हटली. कमळं संपून बाई परत आली तशी मी बाजूला झाले. पुढच्या वेळी हरणं आली, तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघितलंच नाहीत, सरळ माझ्याकडे मान वळवलीत.

असे आपले शनिवार सुरू झाले. टीव्हीवर नसेल तेव्हा स्टेशनजवळच्या दुकानातून कॅसेट आणायची, आणि भाड्याचा व्हीसीआर. संगीत नाटकांवरचे जेवढे म्हणून सिनेमे त्या दुकानात होते, तेवढे आपण पाहिले, काही चार-चारदा. तुम्ही नाटकातलं कापलेलं सगळं मला मधेमधे सांगायचात, आणि मी तुमच्या समोर येऊन विचारायचे, पण आप्पा, हा प्रवेश नाटकात एवढा रंगायचा का? कधीकधी तुम्ही कबूल करायचात, नाही रंगायचा. एकदा मी कॅसेट मागे घेऊन तेच पद पुन्हा लावलं आणि म्हटलं, "घ्या तुमचा वन्समोर." तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणालात, "हा वन्समोर नव्हे. दुसऱ्यांदा ती वेगळं काहीतरी देते, म्हणून मागायचा असतो. ही तेवढंच देणार." तो मुद्दा तुमचा होता. मी तेव्हा मान्य केला नाही, आता करते. सिनेमातली बाई कुणासाठी थांबतही नाही.

तुम्ही मला नुसतं उभं राहू दिलं नाहीत. "तू वाचून दाखवतेयस. गाणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं. श्वास कुठे घेतलास? दिसला नाही मला." मग श्वास कुठे घ्यायचा ते बोटाने दाखवायचात. जबडा सैल, खांदे खाली. "खोटं म्हणू नकोस. खोटं म्हटलेलं गळ्यावर कळतं." म्हणून मी खरं म्हणायला लागले, मोकळ्या आवाजात, तुम्हाला दिसावं म्हणून. तुमचा हात हवेत ताल धरायचा. कुठे सूर चुकला ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं, पण कुठे घाबरले ते बरोबर दिसायचं. वर्षभराने खालच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, शनिवारी कुठलं स्टेशन लावतेस? आवाज फार गोड आहे त्या बाईचा." मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुढच्या शनिवारी त्या साखर मागायला वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

तुम्हाला हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. एकदा तुम्ही स्वतःहून विचारलंत, "वंदना, तुझा आवाज कसा आहे गं?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा हा शब्द आमटीला लागतो."

"मग लोकांना विचारा ना."

"लोक काय म्हणतात ते मला कुठे ऐकू येतं!" तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघं हसायला लागलो, आणि हसता हसता माझं हसू भलतीकडेच गेलं. तुम्ही पेपर वर धरलात, मला चेहरा पुसता यावा म्हणून.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कॅसेट मागे फिरत होती, घर्र असा आवाज करत, तुम्हाला न ऐकू येणारा. तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत, "त्या दिवशी कल्याणला वन्समोर आला होता ना?"

मी मान हलवली.

"केवढा?"

"खूप मोठा, आप्पा."

"मग बाई चांगली गायली असणार." तुम्ही समाधानाने मागे टेकलात. "शंकररावांनी दुसऱ्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं मला."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं त्या बाईंना शिव्या का घालत होतात?"

"तू इतकं नीट, सावकाश सांगितलं होतंस," तुम्ही म्हणालात. "वाया कसं घालवायचं?"

खोट्याची क्षमा तुम्ही अशी केलीत. पण त्याच्या आधीचं, मी ते जाणूनबुजून होऊ दिलं, ते मी त्या दिवशीही बोलले नाही. कॅसेट मागे जाऊन थांबली होती, तुम्ही 'लाव' म्हणालात, आणि मी लावली. आज इथे लिहिलं. रागवायचं तर रागवा. दोन दिवस बोलू नका, चालेल. मला सवय आहे.

काल शनिवार होता. आता केबलवर दिवसभर सिनेमे असतात. सुधीरने काहीतरी लावलं होतं, त्याचंही लक्ष नव्हतं. मी भांडी आवरून बाहेर आले आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले. म्हणावंसं वाटत होतं, आणि कुणाकडे तोंड करून म्हणायचं ते समजेना. पाच वर्षं मी तुमच्याकडे बघून म्हटलं आहे. भिंतीकडे बघून सुरू केलं तर श्वासच सापडेना.

सुधीरने टीव्ही बंद केला. एवढी वर्षं आपल्या शनिवारांना तो 'तुमची शाळा' म्हणायचा आणि पिशवी घेऊन बाजारात निघून जायचा. तो येऊन समोर खाली बसला, भिंतीला टेकून. "म्हण," म्हणाला.

मी म्हणायला लागले. 'पाऊल परतेना'च घेतलं. दोन ओळी झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, आप्पा. डोळे मिटून बसला होता आणि ऐकत होता.

मला पुढची ओळ येईना. त्याने डोळे उघडले नाहीत, नुसता थांबला. मग मी श्वास घेतला आणि पद पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.